"समजलं का?" म्हटलं की वर्ग "होऽऽ" म्हणतो, चाचणीत मात्र भोपळा

नवी_बाई
१४ ऑगस्ट, रात्री ९:५०

नमस्कार. इतके दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. करवीर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, गावाचं नाव राहू दे. सहावीचा वर्ग, पट ३१. गणित आणि विज्ञान माझ्याकडं. सकाळी रंकाळा स्टँडवरून एसटी, संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत. (महिना १६ हजारांत तीन वर्षं काढायची हा विषय इथं नको. त्यावर वेगळा धागा होईल आणि तो शंभर प्रतिसाद गाठेल.)

बी.एड.ला माझे सरावपाठ छान व्हायचे. रंगीत खडू, तक्ते, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, सगळं घड्याळ लावून. मागच्या बाकावर मैत्रिणी निरीक्षण वही घेऊन बसलेल्या. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं की त्या पाठांत मुलं नुसती नेपथ्याला असायची.

दशांश अपूर्णांक चार दिवस शिकवले. दर पाच मिनिटांनी "समजलं का?" विचारलं. "होऽऽ मॅडम", पत्रे हलतील असा होकार. परवा दहा मार्कांची चाचणी घेतली. ०.५ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? ३१ पैकी २२ जणांनी ०.२५ लिहिलं. मी पैशांचं उदाहरणही दिलं होतं, पन्नास पैसे आणि पंचवीस पैसे, तरी.

रडले नाही, पण परतीच्या एसटीत सगळा वेळ खिडकीकडं तोंड करून बसले होते.

शिकवलेलं पोचतंय की नाही हे तासातच कसं कळतं? आणि वर्ग गप्प कसा बसवायचा? खरं तर दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

---

रंकाळ्याचा_वारा
१४ ऑगस्ट, रात्री १०:०५

स्वागत हाय. मी आयटीआयला शिकवतो. तो "होऽऽ" आमच्याकडं विशीतली पोरं पण म्हणत्यात. उपाय न्हाई माझ्याकडं, वाचतोय.

---

तांबडा_पांढरा
१४ ऑगस्ट, रात्री १०:३१

बाई, राग मानू नका. आमच्या गुरुजींच्या हातात निगडीची छडी असायची. आजपण २९ पर्यंत पाढे पाठ हायत. तुम्ही लई मऊ बोलत असणार. एकदा दोघाचौघांना प्रसाद द्या, वर्ग आपोआप गप्प हुतोय.

---

पाटी_पेन्सिल
१४ ऑगस्ट, रात्री १०:४४

@तांबडा_पांढरा, शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम १७ वाचा. मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. नोकरीत दोन महिने झालेल्या पोरीला असले सल्ले देऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी, छडीनं वर्ग गप्प होतो हे खरंच आहे. पण बाईंचा वर्ग चाचणीतही गप्पच होता की. ०.२५ लिहिणारी बावीस पोरं दंगा करत नव्हती. त्यांना उत्तर बरोबर वाटत होतं.

---

जुना_खडू
१४ ऑगस्ट, रात्री ११:२०

बाई, मी ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. त्यातली अकरा वर्षं शाहूवाडीत द्विशिक्षकी शाळेवर. झोप येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "समजलं का?" हा प्रश्न उद्यापासून बंद करा. त्याला "हो" हे एकच उत्तर असतं. पाहुण्यांकडं जेवताना "पोट भरलं का?" विचारल्यावर माणूस काय म्हणतो, तसंच हे. मूल "नाही" म्हणालं तर त्याला उभं राहावं लागतं, तुम्ही परत सांगायला लागता, तास लांबतो आणि बाकीचे त्याच्याकडं बघतात. त्यापेक्षा "हो" स्वस्त पडतं. शिवाय खूप वेळा त्याला खरंच वाटत असतं की समजलंय. तुम्ही फळ्यावर गणित सोडवताना बघितलं की सगळ्यांना सगळं येतं. मला टीव्हीवर कुस्ती बघताना सगळे डाव येतात.

मग करायचं काय, तर पाटी. पाटी म्हणजे पहिलीतली वस्तू असं समजू नका. सातवीपर्यंत माझ्या वर्गात पाट्या होत्या. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी उलटी धरायची आणि "दाखवा" म्हटलं की एकदम वर. एका नजरेत तुम्हाला कळतं, किती जण कुठं आहेत. ३१ जणांची चाचणी अर्ध्या मिनिटात होते, मार्क नाहीत, तपासायच्या वह्या नाहीत. तुमच्या त्या बावीस जणांची बातमी चौथ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी पाचव्या मिनिटाला मिळाली असती.

दुसरी गोष्ट, आणि ही मला फार उशिरा कळली. चुकलेल्या पोराला "असं का लिहिलंस?" विचारायचं. दरडावून नव्हे, खरंच कुतूहलानं. पोरं उगाच चुकत नाहीत, चुकीमागं त्यांचा हिशेब असतो. तुमच्या २२ जणांचा हिशेब सोपा आहे, २५ हे ५ पेक्षा मोठे. पूर्णांकांत हा नियम कधीच चुकला नाही, पाच वर्षं त्यांनी तोच वापरला. आता तुम्ही त्यात एक टिंब टाकलं.

आणि ते टिंब तुम्ही वाचता कसं? "शून्य पॉइंट पंचवीस" म्हणत असाल तर पंचवीस हा आकडा तुम्हीच त्यांच्या कानात घातला. "शून्य पॉइंट दोन पाच" म्हणा. किंवा "दोन दशांश, पाच शतांश".

पैशांचं उदाहरण वाचून मात्र हसू आलं. पंचवीस पैशाचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं. तुमची सहावीतली पोरं त्यानंतरची. त्यांनी चार आणे बघितलेच नाहीत, तुम्ही त्यांना संग्रहालयातलं उदाहरण दिलंत.

---

नवी_बाई
१४ ऑगस्ट, रात्री ११:४१

सर, मी "शून्य पॉइंट पंचवीस"च म्हणत होते. आणि नाण्याचं तर डोक्यातच आलं नाही. माझ्या लहानपणी आजी चार आणे द्यायची, ते माझं उदाहरण होतं, त्यांचं नव्हतंच.

---

गडहिंग्लजकर
१५ ऑगस्ट, सकाळी ११:१५

झेंडावंदन करून आलो. जुना_खडू सरांना दंडवत.

आकडे वाचण्यावरून एक भर घालतो. आमच्या सीमेवरच्या गावांत निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. मराठीत "त्रेपन्न" म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी लिहायचा. कन्नडमध्ये "ऐवत्त मूरु", पन्नास आणि तीन, जसं बोलायचं तसंच लिहायचं. मी पहिल्या वर्षी ५३ च्या जागी ३५ लिहिणाऱ्या पोरांना "लक्ष नाही तुझं" म्हणून झापायचो. लक्ष होतं हो, कानावर आलं तसंच ती लिहीत होती. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन" असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी एक दिवस आमच्या दुसरीत येऊन श्रुतलेखन घ्यावं.

मराठीकडं पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असलं भांडवल आहे, ते मात्र आपण गणिताच्या तासाला दाराबाहेर ठेवतो. बाई, तुमच्या बावीस जणांना विचारा, पाव किलो शेव जास्त की अर्धा किलो. एक पोरगं चुकणार नाही.

---

बीएडचे_सर
१५ ऑगस्ट, दुपारी १:०२

अध्यापक महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळं धाग्यातले पहिले दगड माझ्या अंगणात पडलेत. सरावपाठाबद्दल बाई म्हणाल्या ते कबूल. सूक्ष्म अध्यापन साठच्या दशकात स्टॅनफर्डला सुरू झालं. कल्पना अशी की एक कौशल्य घ्यायचं, पाचदहा मिनिटं शिकवायचं, त्यावर बोलायचं, सुधारून परत शिकवायचं. आपण त्यातलं "सुधारून परत" हेच खाऊन टाकलं आणि निरीक्षण वह्या तेवढ्या ठेवल्या.

नव्या शिक्षकानं आधी काय धरावं असं मला कुणी विचारलं तर मी एकच सांगतो, थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. मग स्वतः उत्तर द्यायचे, नाहीतर दुसऱ्याला विचारायचे. हे थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब व्हायला लागली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गात उभं राहून थांबून बघा, घाम फुटतो.

आणि ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक गोष्ट. विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या युक्त्या येणं वेगळं, आणि या विषयात पोरं नेमकी कुठं अडखळतात हे माहीत असणं हे तिसरंच ज्ञान आहे. जुना_खडू सर ०.२५ चं कारण झोपेतही सांगतील, ते हे तिसरं. पदवीत ते मिळत नाही. आमच्याकडंही फारसं मिळत नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही.

---

तांबडा_पांढरा
१५ ऑगस्ट, दुपारी १:१०

तीन सेकंद थांबलं की आमच्या वर्गात तीन मारामाऱ्या व्हायच्या.

---

ऊसवाली
१५ ऑगस्ट, दुपारी २:३०

:) तांबडा_पांढरा यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. दंगा होत असताना थांबून उपयोग नाही.

मी हातकणंगले तालुक्यात नववं वर्ष करतेय. वर्ग गप्प बसवण्याबद्दल माझ्या चुका सांगते. पहिल्या वर्षी मी ओरडायचे. मी ओरडले की पोरं माझ्यावरून आवाज काढायची, मग मी आणखी. दिवाळीपर्यंत घसा गेला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बोलू नका. रजा शिल्लक नव्हती, म्हणून न बोलता वर्गावर गेले. फळ्यावर लिहायचे, हातानं खुणा करायचे, अगदीच लागलं तर जवळ जाऊन कुजबुजायचे. त्या आठ दिवसांत वर्ग जितका शांत होता तितका आधी कधीच नव्हता.

दंगा होतो तो बहुतेक करून फटींमध्ये. तुम्ही वर्गात शिरल्यापासून पहिलं वाक्य बोलेपर्यंत, वह्या वाटताना, फळा पुसताना, एकाला समजावताना तीस जणांकडं पाठ झाल्यावर. त्या फटी बुजवा. मी आत शिरायच्या आधी फळ्यावर तीन प्रश्न असतात, मॉनिटर लिहितो. एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. आल्या आल्या वही उघडून ते सोडवायचे. माझी हजेरी होते, त्यांची उजळणी होते. मागच्या महिन्याचा प्रश्न पहिल्यांदा कुणालाच येत नाही. चार वेळा आला की येतो.

आणि नावं. पहिल्या आठवड्यात ३१ नावं पाठ करा. "ए निळ्या शर्टवाल्या" म्हटलं की तो तुमचा विद्यार्थी नसतो, गर्दीतला माणूस असतो.

नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा. हात वर करणाऱ्यालाच विचारलं तर तुमचा तास चार पोरं चालवतात. माझ्याच हजेरीत एकदा टिंबं मांडली, कुणाला किती वेळा विचारलं याची. आठवड्यात एका पोराला चौदा वेळा, आणि खिडकीजवळच्या सहा पोरींना एकदाही नाही. मला वाटायचं मी सगळ्यांना विचारते.

---

मावळतीची_शाळा
१५ ऑगस्ट, दुपारी ४:१८

सगळं पटलं. पण हे करायचं कधी? आज सकाळपासून ग्रुपवर आलेलं काम: झेंडावंदनाचे फोटो, पोषण आहाराची माहिती, कुठलीशी लिंक भरायची (संध्याकाळी पाचपर्यंत, "अत्यंत तातडीचे"), आणि उद्या एक प्रशिक्षण ज्यात आम्हाला मुलांना जास्त वेळ कसा द्यावा हे शिकवणार आहेत.

मागच्या वर्षी एक साहेब तपासणीला आले होते. टाचण वही (रोजच्या पाठाच्या तयारीची) बघितली, तारीख नाही म्हणून शेरा मारला. पोरांची एक वही उघडली नाही. एका पोराला एक प्रश्न विचारला नाही. चहा घेतला आणि गेले.

---

पाटी_पेन्सिल
१५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

+१००. पण टाचणावर माझं मत जरा वेगळं आहे. मी साहेबांसाठीचं टाचण लिहिते आणि स्वतःसाठी चार ओळी वेगळ्या. त्यात तीनच गोष्टी: आज पोरं कुठं चुकतील, ते कळण्यासाठी मी काय विचारणार, आणि चुकली तर काय करणार. पहिली ओळ लिहिता आली नाही की समजायचं, आपली तयारी झालेली नाही.

---

नवी_बाई
२३ ऑगस्ट, रात्री ८:१५

आठवड्याचा हिशेब देते.

पाट्या आणल्या. महाद्वार रोडला तिसऱ्या दुकानात मिळाल्या, दुकानदार म्हणाला, "बालवाडी काय?" नावांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. फळ्यावर तीन प्रश्न. "शून्य पॉइंट दोन पाच". पाव किलो-अर्धा किलो एकदम चाललं, सगळ्या पाट्या बरोबर. मग ०.४५ आणि ०.५ दिलं तर परत सतरा जण घसरले. ०.४५ ला घरगुती शब्द नाही, तिथं भांडवल संपलं.

मग मला वाटलं, आपल्या गावचं उदाहरण घेऊ. गेला महिनाभर पोरांच्या तोंडात पंचगंगेचं पाणी. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे सगळ्यांना तोंडपाठ. २०१९ ला आमच्या गावातली निम्मी घरं हलवली होती, त्या गोष्टी यांच्या घरी रोज निघतात. आधी राधानगरीचे दरवाजे घेतले. एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक, तर चार उघडल्यावर किती? ५७१२ आलं, आणि एकजण म्हणाला, "मॅडम, बातमीत हाच आकडा सांगत्यात!" मी खूश.

दुसऱ्या दिवशी दशांशाकडं वळले. फळ्यावर लिहिलं: सोमवारी पातळी ३९.९, मंगळवारी ३९.११. पाणी वाढलं की उतरलं?

सगळ्या पाट्यांवर "वाढलं". सगळ्या. माझे चार हुशार मोहरेसुद्धा. मी डोक्याला हात लावला. मग सरांचं आठवलं आणि विचारलं, असं का? मागच्या बाकावरचा एकजण, जो जूनपासून माझ्याशी चार शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "मॅडम, एकोणचाळीस फूट नऊ इंच हुतं, आता अकरा इंच झालं. अजून एक इंच चढलं की चाळीस."

तो बरोबर होता. मीच माती खाल्ली होती. बंधाऱ्यावरची पातळी फूट आणि इंचात सांगतात, आणि फुटात बारा इंच. मी त्याच्यात दशांश टिंब घुसडलं.

मला त्या क्षणी काही सुचलं नाही. "उद्या सांगते" म्हणून तास संपवला.

---

जुना_खडू
२३ ऑगस्ट, रात्री ९:०२

बाई, जूनपासूनचा हा तुमचा सगळ्यात चांगला तास. असलं पोरगं बोलायला लागणं याला मी आयुष्यात दोन-तीनदाच कारण ठरलो.

उद्या त्याला सगळ्यांसमोर सांगा, तुझं बरोबर, माझं चुकलं. लाजू नका. मग विचारा, फुटात दहा इंच असते तर ३९.९ च्या पुढं काय आलं असतं? दशांश म्हणजे काय हे त्या प्रश्नात आपोआप येतं. क्रिकेटच्या षटकांचंही असंच आहे, ४.५ षटकांनंतर एक चेंडू टाकला की पाच षटकं. पोरांच्या भोवती टिंबं भरपूर आहेत, त्यातली निम्मी दशांशाची नाहीतच. आपण "परिसरातलं उदाहरण घ्या" म्हणतो, पण परिसर काही पाठ्यपुस्तक बघून वागत नाही.

---

बीएडचे_सर
२३ ऑगस्ट, रात्री ९:३०

३९.११ चा किस्सा पुढच्या वर्षी वर्गात सांगणार, तुमच्या परवानगीनं.

---

ऊसवाली
२३ ऑगस्ट, रात्री १०:१०

खरं टिंब पाहिजे असेल तर गावातल्या दूध संस्थेत जा. संकलनाच्या वेळी पोरंच किटली घेऊन जातात. पावतीवर लिटर, फॅट, दर, सगळं दशांशात. ४.५ लिटर आणि ४.४५ लिटर यांत जास्त कुठलं हे म्हशीवाल्या घरातल्या पोराला विचारा, तो वर दहा दिवसाच्या बिलात काय फरक पडतो तेही सांगेल.

---

रंकाळ्याचा_वारा
२४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आयटीआयमध्ये व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) शिकवताना हेच झालंय माझं, आता ध्यानात आलं. पोरांना मिलिमीटरचं टिंब कळत नव्हतं आणि मी त्यांना आळशी समजत हुतो. पाट्या आणायच्या म्हणतोय. एकोणीस वर्षांची पोरं हसतील, हसू देत.

---

चौथी_ड
२४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

मी शिक्षिका नाही, पालक आहे. एक वेगळंच सांगते. माझी मुलगी घरी "मी आलो, मी गेलो" म्हणते, आमच्याकडं बायका असंच बोलतात. तिच्या बाईंनी वर्गात तिला मध्येच थांबवून सांगितलं, मुलीनं "आले, गेले" म्हणायचं. बरोबरच आहे त्यांचं. पण ती त्या वेळी विज्ञानाचं उत्तर देत होती. ते अर्धवट राहिलं, आणि पुढं दोन महिने तिनं हात वर केला नाही. बाईंना पत्ताच नाही.

---

नवी_बाई
२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

@चौथी_ड, मी हे केलंय. जूनमध्ये. एका पोरीला "इसरलो नाही, विसरले म्हण" असं सांगितलं होतं. ती खिडकीजवळ बसते. उद्या तिची चिठ्ठी डब्यातून मुद्दाम काढणार आहे.

---

गडहिंग्लजकर
२ सप्टेंबर, रात्री ८:००

धागा वर काढतोय. बाई, दूध संस्थेचं काय झालं?

---

नवी_बाई
३ सप्टेंबर, रात्री ९:२५

झालं! पोरांनी घरून पावत्या आणल्या, एकूण ४६. लिटरनुसार लहानापासून मोठ्याकडं दोरीवर चिमट्यांनी लावायच्या. पहिल्यांदा ४.४५ पुढं गेली, ४.५ मागं. मी काही बोलले नाही, मनात तीन आकडे मोजले (बीएडचे सर, घाम फुटतोच). मग एक पोरगी उठली आणि तिनं चिमटा बदलला. कुणी तरी "का?" विचारलं. मी नव्हे, पोरांतल्याच कुणी तरी. ती म्हणाली, "साडेचार लिटरच्या आत पन्नास मिली कमी हाय ते." परवाच्या पाटी-चाचणीत चार चुकीच्या. बावीसवरून चार. त्या चौघांना मधल्या सुट्टीत बोलावते, पण दोघं सुट्टीत कबड्डीला पळतात.

खिडकीजवळची अजून बोलली नाही. पाटीवर लिहिते. बघू.

---

तांबडा_पांढरा
३ सप्टेंबर, रात्री ९:४०

बाई, मानलं. छडीचं मागं घेतो. पाढ्यांचं घेत न्हाई.

---

जुना_खडू
३ सप्टेंबर, रात्री ९:५५

पाढ्यांचं घेऊही नका. पाढे यायलाच पाहिजेत, त्याशिवाय डोकं विचाराला मोकळं होत नाही. ते छडीनं यावेत एवढाच हट्ट नको.

---

नवी_बाई
१९ नोव्हेंबर, रात्री ८:४०

बरेच दिवसांनी. गळीत हंगाम सुरू झाला आणि आमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या. बीडकडची चार मुलं परवा मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गात आणून बसवली. पट ३५. यांच्याकडं दाखला नाही, पुस्तकं नाहीत. एक पोरगा पहिला दिवसभर दप्तर मांडीवर घेऊन बसला, खाली ठेवलंच नाही.

आज उजळणीत तिसरा प्रश्न दशांशाचाच होता. सगळ्यांनी पाट्या वर केल्या, त्याच्याकडं पाटी नव्हती म्हणून मी माझी दिली. प्रश्न १८.०७ आणि १८.७ यांचा. आमच्या पोरांतले पाच अजून चुकले (शून्य मध्ये आलं की परत गाडी रुळावरून घसरते, ते पुढच्या आठवड्यात). याची पाटी बरोबर. विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "काट्याची पावती असती तशी. ह्ये अठरा टन सत्तर किलो. आन् ह्ये अठरा टन सातशे." कारखान्याच्या वजनकाट्याची पावती तो वडिलांना वाचून दाखवतो, वडिलांना वाचता येत नाही.

मग मी वाचनाचं पुस्तक दिलं. तिसरीचा धडा त्याला जड जातोय. अक्षर लावून लावून वाचतो, आणि वाचताना एवढा हळू बोलतो की मला वाकावं लागतं.

फेब्रुवारी-मार्चला टोळी परत जाईल. माझ्याकडं साडेतीन महिने आहेत. त्याला सहावीचं गणित शिकवू की तिसरीचं वाचन? दोन्ही होणार नाही, मला माहीत आहे.

---

पाटी_पेन्सिल
१९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

वाचन. गणित तो काट्यावर शिकतोय. पण त्याचं वाचन गणितातूनच घ्या. पावत्या, उसाचे दर, टोळीतल्या माणसांची नावं, जे त्याच्या तोंडात आहे तेच लिहून वाचायला द्या. तिसरीचं पुस्तक सहावीच्या पोराच्या हातात दिलं की बाकीचे बघतात.

---

ऊसवाली
१९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आणि त्याला तुमच्या त्या मागच्या बाकावरच्या "अकरा इंच"वाल्याशेजारी बसवा.

---

मावळतीची_शाळा
१९ नोव्हेंबर, रात्री ९:४८

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज दंड कुणाला करायचा? बापाला, मुकादमाला, की आपल्याला? असो. बाई, त्या चौघांची नावं ऑनलाइन कधी भरणार विचारायला उद्या फोन येईल, तयार राहा.

---

जुना_खडू
१९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

गणित की वाचन ते नंतर बघू. उद्या तो येतोय का ते आधी बघा. उसाच्या रानात जास्तीचा हात लागला की पहिला हात त्याचाच. नाही आला तर शाळा सुटल्यावर कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) जाऊन या, एकट्या जाऊ नका, दोन पोरं संगं घ्या. आणि पाटी तुमचीच त्याच्याकडं राहू दे. परत मागू नका.

---

नवी_बाई
२० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३५

आला होता. पाटी पुसून आणली होती.